भाला फेकायचा नसतो, सोडायचा असतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या हिवाळी छंदांवर पान होतं, त्यात कोपऱ्यात बर्फाला भोक पाडून भाल्याने मासे मारतात त्याची चौकट होती. "थरार" हा शब्द तीन वेळा, आणि शेजारी चित्र काय तर एक माणूस उघड्या बर्फावर उभा, भाला डोक्यावर उगारलेला, जणू ऑलिंपिकलाच निघालाय. आधी हसू आलं. मग संध्याकाळी आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच पान फिरलं आणि नवीन आलेल्या दोन-तीन पोरांनी लगेच मला विचारलं, ताई तुम्ही जाता ना, भाला कुठे मिळतो? भाला कुठे मिळतो हा खरं तर सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे, म्हणून म्हटलं पत्र लिहावं.

मी मूळची चिपळूणकडची, मिनेसोटात येऊन आता अठरा हिवाळे झाले (इथे वर्षं हिवाळ्यात मोजतात). नवरा पुण्याचा, जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेला, पण बर्फ कापायची करवत तोच चालवतो, म्हणतो व्यायाम होतो. मला हे शिकवलं शेजारच्या आजोबांनी, ते ऐंशीच्या पुढचे, पोरवयापासून हेच करत आलेले. पहिला अख्खा सीझन त्यांनी माझ्या हातात भाला दिलाच नाही, नुसतं बसवलं. तेव्हा राग यायचा.

तर पहिली गोष्ट, उघड्यावर उभं राहून काही दिसतच नाही. बर्फावर एक खोपटं लागतं, खिडकी नाही, फट नाही, आत मिट्ट काळोख, त्याला इथे डार्कहाऊस म्हणतात. जमिनीच्या जागी साधारण अडीच बाय तीन फुटांचं चौकोनी भोक. बाहेरचा उजेड आजूबाजूच्या बर्फातून झिरपून पाण्यात उतरतो आणि खोपट्यात मात्र अंधार, त्यामुळे ते भोक टीव्हीच्या पडद्यासारखं उजळतं, हिरवट-निळं, आठ-दहा फूट खोलीवरचा एखादा शिंपला पण स्पष्ट दिसतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमच्या विहिरीत दुपारी बारा वाजता उन्हाची तिरीप थेट तळाला जायची ते आठवलं. खोपट्याच्या कडेने खाली बर्फाचा चुरा दाबून बसवायचा, नाहीतर एका बोटाएवढ्या फटीतून उजेड आत आला की तो पडदा विझलाच समजा.

आता हे भोक पाडायचं म्हणजे काय ते पुरवणीत एका ओळीत उरकलंय. आधी गिरमिटाने चार कोपऱ्यांवर भोकं, मग लांब दात्यांची करवत घालून चारी बाजू कापायच्या, त्या पण खाली जरा रुंद होतील अशा तिरक्या. फूटभर जाडीचा बर्फ असेल तर अडीच बाय तीनची ती लादी जवळजवळ १९५ किलो भरते, ती कोण उचलणार? तिचे तुकडे करून चिमट्याने ओढायचे, नाहीतर दुसरा उपाय मला फार आवडतो, लादी खाली ढकलायची. बर्फ पाण्यापेक्षा किंचित हलका, त्यामुळे १९५ किलोची ती लादी पाण्यात दाबायला जेमतेम १८-२० किलोचा जोर पुरतो, बांबूने दाबली की खाली जाते आणि बाजूला सरकवली की बर्फाच्या छताखाली जाऊन चिकटते. नवऱ्याने हे गणित कागदावर करून बघितलं होतं आणि तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो.

पण भोकाच्या आधी बर्फ. इथे माझं लिहिणं जरा लांबेल, तुम्ही काटछाट करणार असाल तर कृपया दुसरीकडे करा. मिनेसोटाचं सरकारी मच्छी-वन खातं सांगतं की नवा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ किमान ४ इंच असल्याशिवाय चालत पण जायचं नाही, स्नोमोबाईलला ५ ते ७ इंच, छोट्या गाडीला ९-१०, मध्यम आकाराच्या ट्रकला १३ च्या आसपास. हे सगळं स्वच्छ बर्फाचं. दुधट पांढरा असेल, म्हणजे वर बर्फवृष्टी भिजून गोठलेली, तर दुप्पट जाडी धरायची. आणि एका जागी मोजलं म्हणजे झालं असं नाही, जिथे ओढा तलावाला मिळतो, जिथे तळातून झरा आहे, जिथे लव्हाळ्याची जुडगी बर्फातून वर आलीत तिथे चार पावलांत ८ इंचांचे ३ इंच होतात. म्हणून हातात पहार. आपल्याकडे खांब रोवायला खड्डा खणतात तीच, फक्त टोकाला छिन्नीसारखी धार, दर दोन-चार पावलांना पुढे एक घाव घालायचा, एका घावात आरपार गेली की आलात त्याच पावलांवर मागे फिरायचं.

गळ्यात दोरीला बांधलेले दोन खुंट असतात, टोकाला खिळे, आत पडलात तर ते बर्फात रोवून स्वतःला पालथं ओढून बाहेर यायचं, कारण ओल्या ग्लोव्हजने बर्फाची कड पकडता येत नाही. अंगात लाईफ जॅकेट. पोरं म्हणतात थंडीच्या जाड जॅकेटवर हे कुठे घालायचं, तर ते आत घाला नाहीतर तरंगणारा कोट मिळतो तो घ्या. एकदा मी गाडीतून काठाला उतरले आणि फोनवर आईशी बोलत बोलत ओढ्याच्या तोंडाशी गेले, उजवा पाय मांडीपर्यंत आत. वजा १८ होतं. गाडी पन्नास पावलांवर होती म्हणून बरं, तरी पँट गाडीपर्यंत जाईस्तोवर पत्र्यासारखी कडक झाली होती आणि आई फोनवर विचारतेय काय गं आवाज कसला आला.

आणि बर्फ आवाज करतो, ते आधीच सांगून ठेवते. थंडी वाढली की अख्खा तलाव हंबरतो, कधी ढगासारखा गडगडतो, पायाखालून चर्रर्र करत तडा धावत जातो. चांगला जाड असताना पण करतो. नवीन माणूस त्या आवाजाने पळत सुटतो आणि पातळ बर्फावर मात्र बिनधास्त उभा राहतो, कारण तिथे कधीकधी काही वाजत नसतं.

आत हीटर लावतात गॅसचा. वरचा हवेचा झरोका थोडा उघडा हवा आणि कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म हवाच, काळोख असला तरी हवा बंद नको, एवढं एक वाक्य पुरवणीत असतं तरी चाललं असतं.

मग आत बसून करायचं काय, तर लाकडी मासा नाचवायचा. सात-आठ इंचांचा कोरलेला मासा, पोटात शिसं ओतलेलं, पत्र्याचे पंख, दोरीला बांधून छोट्या काठीने हलकेच झटका दिला की गोल गोल पोहतो. पंख किती वाकवलेत त्यावर गोल मोठा की छोटा ते ठरतं, हे जुळवण्यात लोक अख्खी दुपार घालवतात. ही कला गोऱ्या लोकांच्या आधीपासूनची, इथल्या मूळ रहिवाशांची. विस्कॉन्सिनमध्ये लाक द्यू फ्लाम्बो म्हणून ओजिब्वे लोकांचं गाव आहे, फ्रेंचांनी दिलेलं नाव, अर्थ मशालींचा तलाव, कारण तिथले लोक रात्री मशाली घेऊन होड्यांतून भाल्याने मासे मारायचे. तिथले लाकडी मासे फार नावाजलेले. आणि मिशिगनमध्ये कॅडिलॅक गावात ऑस्कर पीटरसन नावाचा माणूस होऊन गेला (१८८७-१९५१), त्याने आयुष्यभर असे मासे कोरून किरकोळ किमतीला विकले आणि आज त्याच्या एकेका माशाला संग्राहक हजारो डॉलर मोजतात. आजोबांकडचे स्वतःच्या हातचे आहेत, एकाचा डोळा शर्टाचं बटण आहे, पण पाईक येतो त्यालाच.

पाईक म्हणजे इथला मुख्य मासा, नॉर्दर्न पाईक. नाव ऐकून आपल्याला विठ्ठलाचा पाईक आठवतो, पण स्वभाव अगदी उलटा, लांब चपटं तोंड, सुसरीसारखे दात, स्वतःच्या जातीची पिल्लं खाणारा. तो येतो कसा ते सांगते. तास-दोन तास काही नाही, तुम्ही डुलक्या घेताय, आणि एकदम पडद्याच्या कडेला एक लांब हिरवी सावली असते. आली असं दिसत नाही, असतेच. पंख फक्त थरथरतायत, डोळा लाकडी माशावर. कधी गोळीसारखा येऊन लाकडावर दात मारतो, पण बहुतेक वेळा नुसता बघत राहतो. तुमच्या छातीत इतकं धडधडतं की वाटतं त्याला ऐकू जाईल.

आता भाला. सात दातांचा, दातांना मागे वळलेले काटे, तीन-चार किलो वजन, मुद्दाम जड. तो फेकायचा नाहीच. सुरुवातीपासून दात पाण्यात बुडवून कडेला टेकवून ठेवायचा, कारण वरून पाण्यात घातलात तर डुबुक आवाज होतो आणि सावली गेली. मासा बरोबर खाली आला, स्थिर झाला की भाला त्याच्या पाठीवर नेम धरून, डोक्याच्या जरा मागे, हलकेच खाली सरकवत न्यायचा आणि सोडायचा, शेवटी थोडा जोर, बाकी काम वजन करतं. तिरका मासा असेल तर हात आवरायचा, पाण्यात तिरकं बघितलं की वस्तू आहे त्यापेक्षा वर दिसते, नेम चुकतो, सरळ खाली बघताना ती भानगड राहत नाही. दोरीचं दुसरं टोक खोपट्याला बांधा, मनगटाला नको. मी पहिल्याच वेळी गाठ बघितली नाही आणि आजोबांचा भाला आठ फूट पाण्यात, मग दोन तास चुंबक सोडून शोधत बसलो. ते काही बोलले नाहीत, ते जास्त वाईट.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. गळाला लागलेला मासा लहान निघाला, नको तो निघाला तर सोडून देता येतो. भाल्याचं तसं नाही, सात दात घुसलेला मासा परत पाण्यात सोडण्यात काय अर्थ? त्यामुळे जे काय ठरवायचं ते भाला सुटण्याआधी, काळोखात, धडधडत्या छातीने, चार सेकंदांत. कोणता मासा, केवढा मासा, मारायचा का? नेम त्याच्या मागून येतो, आणि आजोबांनी मला पहिलं वर्षभर नुसतं बसवलं ते ह्याच्यासाठी.

नियम तसेच आहेत. मिनेसोटात भाल्याचा सीझन नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत, मोठ्या माणसाला मासेमारीचं साधं लायसन्स आणि वर भाल्याचं वेगळं, खोपटं रात्री तिथेच ठेवणार तर त्याचं पण. वॉलआय, मस्की (हा पाईकसारखाच दिसणारा मासा) ह्यांना भाला लावायचाच नाही. पाईकसाठी २०१८ पासून राज्याचे तीन झोन केलेत, आम्ही ब्रेनर्डकडे जातो तो उत्तर-मध्य झोन, तिथे २२ ते २६ इंचांच्या पाईकला संरक्षण, कारण तलावांत चिंगळ्या पाईकचा सुळसुळाट झालेला आणि मोठे होणारे मधल्या वयातच उचलले जात होते. भालेवाल्यांना त्यात थोडी सवलत ठेवलीये, पाण्यातल्या माशाची लांबी डोळ्याने जोखायची म्हणून. नियम दरवर्षी बदलतात आणि काही तलावांवर भालाच चालत नाही, तेव्हा त्या-त्या वर्षाचं सरकारी पुस्तक वाचा, ग्रुपवरचं फॉरवर्ड नको. आजोबांची युक्ती साधी, लाकडी माशाच्या वर दोरीला एक काठी, तिच्यावर २२ आणि २६ ला पांढऱ्या रंगाचे पट्टे. मासा काठीजवळ आला की बाजूला लावून मोजायचा.

शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये विनेबेगो तलावावर तर आणखी कडक. तिथे स्टर्जन, म्हणजे डायनासोरच्या काळातला वाटावा असा मासा, २०१० साली एक २१२.२ पौंडांचा निघाला होता, किलोत ९६ च्या वर. मादी पहिल्यांदा अंडी घालायलाच वीस-पंचवीस वर्षांची व्हावी लागते आणि पुढे पण दर वर्षी घालत नाही. म्हणून सीझन फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी सुरू, फार तर १६ दिवस, रोज सकाळी ७ ते दुपारी १, आणि ठरलेला आकडा भरला की आधीच बंद. लायसन्स ३१ ऑक्टोबरच्या आत घेतलं नाहीत तर बसा घरी. मारलेला मासा त्याच दिवशी नोंदवायला न्यावा लागतो. पाणी गढूळ असलेल्या वर्षी हजारो लोक सोळा दिवस भोकात बघत बसतात आणि बहुतेक रिकाम्या हाताने जातात, आणि पुढच्या वर्षी परत येतात. थरार म्हणायचा असेल तर ह्याला म्हणा!

हे सगळं मला इतकं लागतं त्याचं कारण चढणीचे मासे. कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. पहिला मोठा पाऊस झाला, वहाळ फुगले की मासे प्रवाहाच्या उलटे शेतांपर्यंत चढतात, आणि रात्री आम्ही सगळे बत्ती नाहीतर टॉर्च, कोयती, काठी घेऊन बाहेर. घोट्याएवढ्या पाण्यात चकाकलं की घाव. काय मजा यायची म्हणून सांगू! पण घरी आणून आजी साफ करायला बसायची तेव्हा प्रत्येकीच्या पोटात गाबोळी. ते अंडी घालायला चढत होते आणि आम्ही वाटेतच कापत होतो. समुद्रात पावसाळ्यात मासेमारी बंद असते ते आम्हाला माहीत होतं, वहाळाला कसली बंदी, असं सगळे म्हणायचे. आता गावी फोन केला की भाऊ सांगतो, पूर्वीसारखी चढण राहिली नाही. धरणं झाली, शेतात औषधं आली, सगळी कारणं आहेत, आमच्या कोयत्या पण असतीलच त्यात कुठेतरी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी, मी आणि नवरा खोपट्यात, तो कानात नाट्यसंगीत लावून पेंगतोय. पडद्यावर सावली आली, काठीच्या दोन्ही पट्ट्यांच्या बाहेर, तीन फुटांच्या वर सहज. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा. भाला उचलला, दात त्याच्या पाठीपासून दोन हातांवर. आणि अंगावरचे डाग बघितले. पाईकचं अंग गडद आणि त्यावर फिके ठिपके, मस्कीचं उलटं, फिकट अंगावर गडद पट्टे. वरून पाठच जास्त दिसते, पाठ दोघांची सारखीच हिरवट, त्यामुळे खात्री होईना. तो अर्धा वळला तेव्हा शेपटी दिसली, पाईकच्या शेपटीची टोकं गोलसर, ही टोकदार. मस्की. मी भाला तसाच धरून उभी, हात भरून आले, आणि तो लाकडी माशाला एक प्रदक्षिणा घालून निघून गेला. नवरा डोळे न उघडता म्हणाला, गेला वाटतं.

खाण्याबद्दल पुरवणीत "चविष्ट" एवढंच आहे. पाईक चविष्ट आहे पण वरच्या मांसात वाय आकाराच्या काट्यांची रांग असते, पाला मासा खाणाऱ्या माणसाला काही वाटणार नाही, बाकीच्यांनी काटे चुकवून पाच तुकडे काढायची पद्धत शिकून घ्यावी. लहान पाईकचं इथले लोक व्हिनेगरमध्ये लोणचं घालतात, त्यात बारीक काटे मऊ पडतात. मी त्यात तिरफळं टाकते, आजोबांना ठसका लागतो पण बरणी परत पाठवत नाहीत.

अजून एक राहिलं. घरी निघताना ते भोक तसंच सोडून जायचं नाही. रात्रीत त्यावर दोन बोटं साय धरते, वर बर्फ पडतो आणि सकाळी बाकीच्या तलावासारखंच दिसतं, फक्त पाय ठेवला की माणूस आत. कडेने फांद्या रोवा, ठळक दिसतील अशा. फोटोतल्या त्या माणसामागे मला एकही फांदी दिसली नाही.

आता ग्रुपवरच्या पोरांना उत्तर. भाला माझ्याकडे एक जास्तीचा आहे, आजोबांनी दिलेला, एक दात वाकडा. नोव्हेंबरअखेर बर्फ धरला की मी कळवीन. पहिला सीझन नुसतं बसायचं, करवत ओढायची आणि पहार मारायची तयारी असेल त्यांनी यावं. गरम मोजे दोन जोड आणा आणि डबा आणा. डब्यात मासे नकोत, नवरा पण असतो खोपट्यात.

आपली,
एक वाचक, सेंट पॉल, मिनेसोटा